डिस्टिलरीच्या बायोगॅस शुद्धीकरणासाठी मॉफ पदार्थ वापरण्याच्या स्थितीत आले आहेत का?

वारणाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी हातकणंगले तालुक्यातील एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत उत्पादन विभागात काम करतो. स्पेंटवॉशच्या (डिस्टिलरीच्या सांडपाण्याच्या) डायजेस्टरमधून निघणारा बायोगॅस आम्ही आजवर बॉयलरमध्ये जाळत आलो. आता तो शुद्ध करून सीबीजी (दाबाखाली भरलेला बायोगॅस) म्हणून विकावा असा प्रस्ताव संचालक मंडळापुढे आहे आणि त्याचा तांत्रिक भाग तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. दिवसाला १०,००० घनमीटर कच्चा वायू धरून आराखडा चालला आहे. कोरड्या वायूच्या हिशोबाने त्यात मिथेन ५५ ते ६० टक्के, कार्बन डायऑक्साइड ४० टक्क्यांच्या आसपास आणि हायड्रोजन सल्फाइड दोन टक्क्यांपर्यंत असतो. डायजेस्टरमधून बाहेर पडताना त्याचे तापमान ३७ अंशांच्या जवळ असते आणि तो वाफेने पूर्ण भरलेला असतो.

विक्रीसाठी आयएस १६०८७ हे भारतीय मानक पाळावे लागेल. त्यानुसार मिथेन किमान ९० टक्के, कार्बन डायऑक्साइड कमाल ४ टक्के, गंधक प्रति घनमीटर कमाल २० मिलिग्रॅम आणि ओलावा प्रति घनमीटर कमाल ५ मिलिग्रॅम असला पाहिजे.

आमच्याकडे आलेल्या दरपत्रकांत बहुतेकांनी पीएसए संयंत्र सुचवले आहे, म्हणजे दाबाखाली वायू झिओलाइटच्या किंवा कार्बन मॉलिक्युलर सिव्हच्या (दोन्ही सूक्ष्म छिद्रांचे शोषक पदार्थ) टाकीतून न्यायचा, कार्बन डायऑक्साइड आत अडकवायचा आणि मग दाब कमी करून तो सोडून द्यायचा. एका सादरीकरणात मात्र मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क, म्हणजे मॉफ, नावाचा पदार्थ वापरल्यास टाकीचा आकार निम्म्यावर येईल असे सांगण्यात आले. २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल याच पदार्थांना मिळाले, हे त्या सादरीकरणाच्या पहिल्याच पानावर होते. शेजारच्या एका संयंत्रात झिओलाइट दोन हंगामांतच निकामी झाल्याचे मी स्वतः पाहिले आहे, त्यामुळे पर्यायाचा विचार करण्याची माझी मनापासून तयारी आहे. परंतु सभासदांच्या पैशांवर प्रयोग करण्याचा मला अधिकार नाही. या विषयाचा प्रत्यक्ष अभ्यास असणाऱ्यांनी कृपया सांगावे, की आमच्या वायूसाठी हा पदार्थ आज योग्य आहे का, आणि नसेल तर नेमका कोणत्या कारणाने नाही?

करवीर रसायन यांचे उत्तर

आपण वायूची घटना, तापमान आणि मानक तिन्ही दिल्यामुळे नेमके बोलता येईल. माझे संशोधन याच वर्गातील पदार्थांवर आहे आणि त्यांच्याविषयी मला आस्थाही आहे, तरीही आपल्या प्रश्नाचे उत्तर पदार्थाच्या कीर्तीवरून ठरवू नये अशी विनंती आरंभीच करतो.

मॉफ म्हणजे धातूचे अणू किंवा त्यांचे छोटे पुंजके सेंद्रिय रेणूंच्या दांड्यांनी एकमेकांना जोडून तयार झालेला स्फटिक. मेलबर्नचे रिचर्ड रॉब्सन यांनी १९८९ मध्ये तांब्याच्या आयनांपासून अशी हिऱ्यासारख्या रचनेची जाळी बांधून दाखवली. क्योटोचे सुसुमु कितागावा यांनी १९९७ मध्ये अशा जाळीत मिथेन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन आत-बाहेर करतात व तरीही जाळी कोसळत नाही हे दाखवले. १९९९ मध्ये ओमर याघी यांच्या गटाने झिंक आणि टेरेफ्थॅलिक आम्लापासून मॉफ-५ बनवले, आणि त्यानंतर या विषयाने वेग घेतला. या तिघांना मिळून ते नोबेल दिले गेले. मॉफ-५ च्या एका ग्रॅममध्ये सुमारे ३,८०० चौरस मीटर अंतर्गत पृष्ठभाग मोजला गेला आहे, म्हणजे चिमूटभर पावडरीत जवळपास ३७ गुंठे. सादरीकरणांत हा आकडा हमखास येतो. परंतु हेच मॉफ-५ दमट हवेत ठेवले तर पाण्याचे रेणू झिंक आणि ऑक्सिजनमधील बंध तोडतात आणि स्फटिक ढासळतो. आपल्या वायूत ३७ अंशांना आकारमानाने सुमारे सहा टक्के वाफ आहे. पृष्ठभागाचा आकडा पाहून निवड करता येत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

निवड करताना माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पदार्थाची पकड किती घट्ट आहे आणि आपल्याला किती घट्ट हवी आहे. याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते.

समजा आपले पीएसए पाच बार दाबावर चालते. वायूत ४० टक्के कार्बन डायऑक्साइड असल्यामुळे त्याचा स्वतःचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातील त्याचा वाटा, दोन बार होतो. टाकी भरल्यावर आपण दाब वातावरणाइतका खाली आणतो. त्या वेळी टाकीत जवळजवळ निव्वळ कार्बन डायऑक्साइडच उरलेला असतो, म्हणजे त्याचा आंशिक दाब एक बारच्या आसपास राहतो. पदार्थाने दोन बारला किती धरला आणि एक बारला किती सोडला, यांतील फरक हीच आपली खरी कमाई. ज्या पदार्थाची पकड फार घट्ट असते, तो एक बारच्या कितीतरी खालीच आपल्या बहुतेक जागा भरून घेतो. दोन बारला त्याच्यात नवीन काही मावत नाही आणि एक बारला तो काही सोडत नाही. मॅग्नेशियमचे मॉफ-७४ खोलीच्या तापमानाला आणि एक बार दाबाला प्रति किलो आठ मोलच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरते, हा आकडा डोळे दिपवणारा आहे. मात्र त्यातील मोठा भाग दशांश बारलाच भरलेला असतो, म्हणून साध्या पीएसएमध्ये त्याचा उपयोग अगदी थोडा होतो. झिओलाइट १३-एक्सचीही काही अंशी हीच अडचण आहे. त्यामुळेच ते वापरणारी संयंत्रे निर्वात पंप लावून टाकीचा दाब दशांश बारपर्यंत खाली नेतात आणि त्या पंपाचे वीजबिल कायमचे मागे लागते.

आपला कार्बन डायऑक्साइड मुबलक आहे आणि दाबाखाली आहे, तेव्हा आपल्याला मध्यम पकडीचा पदार्थ हवा. हवेतून ०.०४ टक्के कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्याला अतिशय घट्ट पकड लागते आणि बॉयलरच्या धुराड्यासाठी या दोहोंच्या मधली. ज्या मॉफचा विचार होईल, तो कोणत्या दाबाला किती वायू धरतो याचा आलेख आपल्या तापमानाला, शून्यापासून पाच बारपर्यंत, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन या दोन्ही वायूंसाठी मागून घ्यावा. एक बारला एकच आकडा देणारा विक्रेता आपल्याला उपयोगी माहिती देत नाही.

टिकाऊपणाच्या दृष्टीने आज तीन नावे घेता येतील. झिर्कोनियमचे यूआयओ-६६, जे ओस्लो विद्यापीठातून २००८ मध्ये पुढे आले, पाण्यात आणि उष्णतेत उत्तम टिकते, आणि कार्बन डायऑक्साइडला मिथेनपेक्षा स्पष्टपणे अधिक धरते. झिफ-८ पाण्याला दाद देत नाही, परंतु मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांत त्याची निवड दुबळी आहे, म्हणून आपल्या कामाचे नाही. तिसरे नाव काल्फ-२०. झिंक, ट्रायझोल आणि ऑक्झॅलेट यांपासून बनलेला हा पदार्थ कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात जॉर्ज शिमिझू यांच्या गटाने विकसित केला. त्यावरील २०२१ मधील शोधनिबंधात दाखवले आहे, की सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली असेल तर तो पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइडला प्राधान्य देतो, आणि वाफेने व आम्लयुक्त ओल्या वायूंनीही खराब होत नाही. ब्रिटिश कोलंबियातील रिचमंड येथील सिमेंट कारखान्यात रोज सुमारे एक टन कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या संयंत्रात तो प्रत्यक्ष वापरला गेला आहे. औद्योगिक वायू वेगळा करण्याच्या कामात मॉफ प्रयोगशाळेबाहेर पडल्याचे हे सर्वांत भक्कम उदाहरण आहे. परंतु ते धुराड्याच्या वायूसाठी आहे, त्यात मिथेन नाही आणि आपल्याइतके गंधकही नाही.

गोकुळ शिरगाव यांचे उत्तर

मी पीएसए संयंत्रांची उभारणी आणि देखभाल करतो, वरील विवेचनाला व्यवहाराची बाजू जोडतो.

सर्वांत आधी गंधक. १०,००० घनमीटर वायूत दोन टक्के हायड्रोजन सल्फाइड म्हणजे रोज २०० घनमीटर, वजनाने सुमारे २७५ किलो. त्यातून निघणारे गंधक २६० किलोच्या घरात जाते, तेही दररोज. एवढा भार कोणत्याही शोषक टाकीवर घालायचा नसतो, मग आत झिओलाइट असो की मॉफ. तांब्यावर आधारलेले एचकेयूएसटी-१ हे प्रसिद्ध मॉफ तर हायड्रोजन सल्फाइडशी संयोग पावून कॉपर सल्फाइड बनते आणि कायमचे संपते. आपल्या जिल्ह्यातील डिस्टिलऱ्यांना परिचित असलेली जैविक स्क्रबरची (जिवाणूंनी गंधक काढण्याची) किंवा आयर्न चिलेटची (लोहाच्या द्रावणाने वायू धुण्याची) पद्धतच इथे योग्य आहे, आणि तिच्यामागे उरलेसुरले गंधक टिपण्यासाठी आयर्न ऑक्साइडचा किंवा सक्रिय कार्बनचा एक थर हवा. जैविक स्क्रबरमध्ये हवा सोडावी लागत असेल तर तिचा नायट्रोजन वायूतच राहतो आणि ऑक्सिजनची मर्यादा मानकात अर्धा टक्काच आहे, हे विक्रेत्याला आधीच लेखी विचारून ठेवा. पीएसएतून नायट्रोजन काढणे जवळजवळ अशक्य असते, कारण त्याचा आणि मिथेनचा स्वभाव फारच जवळचा आहे.

शेजारच्या संयंत्रातील झिओलाइट निकामी झाले असे आपण लिहिले आहे. माझ्या अनुभवात अशा दहांतील बहुतेक वेळा दोष झिओलाइटचा नसून त्याच्या आधी काय लावले आहे याचा असतो. १३-एक्स पाण्याला इतके घट्ट धरते, की ते सोडवण्यासाठी दोन-तीनशे अंशांपर्यंत तापवावे लागते, आणि पीएसएच्या टाकीत तापवण्याची सोय नसते. ओलावा थोडा थोडा आत जात राहतो, खालचा थर मरतो, मग त्याच्या वरचा. म्हणून वाळवणीची जागा महत्त्वाची आहे. वायू आधी थंड करून नंतर दाबला, तर सगळे काम फुकट जाते. १० अंशांपर्यंत थंड केलेल्या वायूतील वाफेचा दाब १.२ किलोपास्कल असतो. तोच वायू पाच बारपर्यंत दाबला की वाफेचा दाबही पाचपट होतो आणि ३० अंशांना पुन्हा पाणी सुटू लागते. उलट आधी दाबून, दाबाखालीच १० अंशांपर्यंत थंड करून, पाणी वेगळे काढून मग ३० अंशांपर्यंत परत तापवला, तर सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या जरा खाली येते. काल्फ-२० साठी वर सांगितलेली ४० टक्क्यांची मर्यादा यात आरामात पाळली जाते. झिओलाइटला मात्र एवढी वाळवणी पुरत नाही, त्याच्या आधी ॲल्युमिनाचा किंवा सिलिका जेलचा वेगळा थर द्यावा लागतो. मॉफचा खरा फायदा मला इथे दिसतो, टाकीच्या आकारात नव्हे. अर्थात मानकातील पाच मिलिग्रॅमची अट इतकी कडक आहे, की शुद्ध झालेल्या मिथेनसाठी शेवटी एक ड्रायर लागणारच.

आता टाकीच्या आकाराचा हिशोब करू. आपले घनमीटर खोलीच्या तापमानाला आणि वातावरणीय दाबाला मोजलेले आहेत असे धरतो. रोजचा ४,००० घनमीटर कार्बन डायऑक्साइड म्हणजे सुमारे १६१ किलोमोल, म्हणजेच सात टन, तासाला ६.७ किलोमोल. एक टाकी दहा मिनिटे वायू घेते असे मानले तर त्या वेळात तिला १.१ किलोमोल धरायचे आहेत. प्रत्यक्ष वापरात येणारी क्षमता प्रति किलो दोन मोल धरली, तर एका टाकीत साडेपाचशे ते सहाशे किलो माल लागतो आणि चार टाक्यांना सव्वादोन टनांच्या पुढे. हे लक्षात घेतले की किमतीचा प्रश्न सरळ होतो. नवा पदार्थ झिओलाइटच्या दहापट महाग असेल आणि त्याची वापरक्षम क्षमता दुप्पट असेल, तर तो पाचपट टिकला पाहिजे किंवा वीज तरी तेवढी वाचवली पाहिजे. टाकीचे पोलाद हा संयंत्राच्या खर्चातील मोठा भाग नसतोच. कॉम्प्रेसर, निर्वात पंप, व्हॉल्व्ह आणि वायू-विश्लेषक यांवर पैसे जातात. त्यामुळे टाकी निम्मी होईल हा दावा खरा ठरला तरी त्याने एकूण खर्च निम्मा होत नाही.

आणखी दोन गोष्टी सादरीकरणात सहसा नसतात. पहिली म्हणजे गोळ्यांची. मॉफ मुळात पावडरीच्या रूपात तयार होतो आणि पावडर टाकीत भरता येत नाही, कारण दाब अडतो आणि धूळ व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसते. बंधक, म्हणजे कण चिकटवणारा पदार्थ, मिसळून गोळ्या पाडल्या की क्षमतेचा काही भाग जातो, आणि जोराने दाबल्या तर काही मॉफांची जाळीच चेपते. म्हणून क्षमता नेहमी गोळ्यांची मागा, आणि तीही प्रति किलोबरोबर प्रति लिटर. हलका, पोकळ पदार्थ वजनावर चांगला दिसतो, परंतु टाकी आकारमानाने भरते. दुसरी म्हणजे उष्णता. कार्बन डायऑक्साइड पृष्ठभागावर बसताना प्रति मोल ३५ ते ४० किलोज्यूल उष्णता सोडतो. किलोमागे दोन मोल म्हणजे ७० ते ८० किलोज्यूल, आणि ती बाहेर गेली नाही तर टाकीचे तापमान ७० अंशांनी वाढू शकते. प्रत्यक्षात वायू बराचसा ताप वाहून नेतो, तरीही गरम झालेला पदार्थ कमी धरतो. चाचणी ग्रॅमभर पावडरीवर, स्थिर तापमानाला झाली असेल तर हा परिणाम तिच्यात दिसतच नाही.

वारणाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. गंधकाचा रोजचा आकडा मी प्रस्तावात जसाच्या तसा घालणार आहे, कारण आतापर्यंत आम्ही तो केवळ पीपीएममध्ये मांडत होतो आणि त्यातून त्याचे गांभीर्य मंडळाच्या लक्षात येत नव्हते.

यातून दोन उपप्रश्न उभे राहतात. आमच्या फर्मेंटरमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड सध्या हवेत जातो. तो पकडून शीतपेय उद्योगाला किंवा ड्राय आइससाठी द्यावा असाही विचार आहे. तिथे मॉफचा उपयोग होईल का? आणि बगॅसवर (उसाच्या चोयट्यांवर) चालणाऱ्या बॉयलरच्या धुराड्याविषयी वर ओझरता उल्लेख आला आहे, तो थोडा उलगडून सांगावा.

करवीर रसायन

फर्मेंटरच्या वायूसाठी मॉफची गरज नाही. साखरेपासून अल्कोहोल होताना एक किलो अल्कोहोलमागे ०.९६ किलो, म्हणजे लिटरमागे सुमारे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. किण्वन नीट चालू झाले आणि फर्मेंटरच्या वरच्या भागातील हवा निघून गेली की तो स्वतःच जवळजवळ शुद्ध असतो. पाण्याने धुऊन त्यातील अल्कोहोल काढणे, सक्रिय कार्बनमधून नेऊन वास काढणे, वाळवणे आणि द्रवरूप करणे, एवढ्याने काम होते. जो वायू आधीच वेगळा आहे त्याच्यासाठी वेगळे करणारा पदार्थ विकत घेण्याचे कारण नाही. आपल्याकडे गुंतवणुकीचा क्रम ठरवायचा असेल, तर हे काम बायोगॅसच्याही आधी हाती घ्यावे असे मी सुचवेन.

धुराड्याची गोष्ट वेगळी आहे. बगॅसमध्ये निम्मे पाणी असते, त्यामुळे धुरात वाफेचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास जातो. कार्बन डायऑक्साइड बारा ते चौदा टक्के असतो, बाकी मुख्यतः नायट्रोजन. बगॅसमध्ये गंधक अत्यल्प, हे एक सुदैव. हा वायू आज अमाइनच्या द्रावणाने धुण्याची पद्धत प्रस्थापित आहे, पण त्या द्रावणातून कार्बन डायऑक्साइड परत सोडवण्यासाठी ते १०० ते १२० अंशांपर्यंत तापवावे लागते आणि एक टनामागे साडेतीन ते चार गिगाज्यूल उष्णता खर्च होते. अमाइनशी कार्बन डायऑक्साइडचा रासायनिक बंध तयार होतो, काल्फ-२० सारख्या पदार्थावर तो केवळ भौतिक आकर्षणाने बसतो, म्हणून सोडवायला कमी उष्णता लागते. कारखान्यात हंगामात कमी दाबाची वाफ उपलब्ध असते, त्यामुळे हे गणित आपल्याकडे जुळण्याची शक्यता मला खरोखर वाटते. साखरपट्ट्यासाठी मॉफचे भवितव्य बायोगॅसपेक्षा धुराड्यात अधिक आहे असे माझे मत आहे. मात्र पकडलेल्या वायूला गिऱ्हाईक हवे, आणि फर्मेंटरचा शुद्ध वायूच हवेत सोडला जात असताना धुराड्याकडे वळणे आज तरी सयुक्तिक नाही.

शिरोली फौंड्री

विषय थोडा बाजूचा असला तरी विचारतो. आमच्याकडे क्युपोलाच्या (लोखंड वितळवण्याच्या भट्टीच्या) वाऱ्यात ऑक्सिजन मिसळण्यासाठी आणि उष्मोपचार भट्टीत नायट्रोजनसाठी, दोन्हीकडे पीएसए संयंत्रे आहेत. हवेतून ऑक्सिजन वेगळा करण्यासाठी या नव्या पदार्थांपैकी काही उपलब्ध आहे का?

गोकुळ शिरगाव

सध्या विकत घेण्याजोगे नाही. ऑक्सिजनसाठी लिथियमयुक्त झिओलाइट आणि नायट्रोजनसाठी कार्बन मॉलिक्युलर सिव्ह हेच वापरत राहावे. हवेतील वाळवणी आणि तेलाचे फिल्टर वेळेवर बदलले तर दोन्ही अनेक वर्षे चालतात.

करवीर रसायन

याला एक जोड देतो. लोहाचे मॉफ-७४ ऑक्सिजनला नायट्रोजनपेक्षा फार जास्त पसंत करते हे २०११ मध्ये सिद्ध झाले आहे. पण ते उणे ५० अंशांच्या आसपासच ऑक्सिजन धरते आणि परत सोडते. खोलीच्या तापमानाला लोहाचे ऑक्सिडीकरण होते आणि ऑक्सिजन परत मिळत नाही. ही उणीव दूर करण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत आणि फौंड्री उद्योगाने त्याकडे लक्ष ठेवावे इतका तो प्रश्न मोलाचा आहे.

मॉफचा व्यापारी वापर आज जिथे सुस्थिर झाला आहे, ती क्षेत्रे लहान आणि महाग मालाची आहेत. सेमीकंडक्टर उद्योगाला लागणारे आर्सिन, फॉस्फिन यांसारखे अतिविषारी वायू मॉफने भरलेल्या सिलिंडरमध्ये वातावरणापेक्षा कमी दाबावर साठवले जातात, त्यामुळे गळती झाली तरी वायू जोराने बाहेर पडत नाही. तिथे किलोभर पदार्थाची किंमत हा प्रश्न गौण असतो. आपल्याकडे टनांचा व्यवहार आहे.

वारणाकाठ

आमच्या प्रस्तावात मुख्य संयंत्र प्रस्थापित पद्धतीचे ठेवावे आणि त्याच्या शेजारी मॉफची छोटी चाचणी-टाकी लावण्याची तरतूद करावी, असा मसुदा मी आता करत आहे. सादरीकरण करणाऱ्या कंपनीने गोळ्यांचा नमुना देण्याची तयारी दाखवली आहे. चाचणी कशी घ्यावी, म्हणजे हंगामाच्या शेवटी निर्णय घेता येईल?

गोकुळ शिरगाव

चाचणी-टाकीसाठी वायू कोणत्या जागेवरून काढता यावर सगळे अवलंबून आहे. गंधक काढल्यानंतर, दाबल्यानंतर आणि थंड करून पाणी काढल्यानंतर, पण ॲल्युमिनाच्या थराच्या आधी अशी जोडणी घ्या. त्या जागी मॉफ टिकला, तरच ॲल्युमिनाचा थर आणि त्याची वीज वाचेल, आणि तेच आपल्याला तपासायचे आहे. सिलिंडरमधून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड मिसळून घेतलेली चाचणी स्वीकारू नका. टाकीत दोन-तीन किलो गोळ्या पुरतात, मात्र आत वेगवेगळ्या उंचीवर तापमापक बसवा, कारण थर कुठपर्यंत भरला आहे हे तापमानाच्या लाटेवरून विश्लेषकाच्याही आधी कळते.

मोजताना केवळ बाहेर येणाऱ्या मिथेनची शुद्धता पाहू नका. शुद्धता मिळवणे सोपे आहे, थोडे अधिक मिथेन फेकून दिले की ती मिळते. सोडून दिलेल्या वायूतील मिथेनही मोजा. आपल्या प्रमाणावर मिथेनचा एक टक्का म्हणजे रोज ३७ किलोंच्या आसपास, आणि हंगामभराचा हिशोब केल्यास ती रक्कम किरकोळ राहत नाही. शिवाय हवेत गेलेला मिथेन शंभर वर्षांच्या मोजणीत कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटींहून अधिक तापमानवाढ घडवतो, त्यामुळे या सगळ्या उद्योगाचा मूळ हेतूच त्यात हरवतो.

करवीर रसायन

माझ्या बाजूने दोन सूचना. चाचणीच्या आधी गोळ्यांचा थोडा नमुना कोरडा व बंद करून बाजूला ठेवा. हंगाम संपल्यावर टाकीच्या तळाच्या, मधल्या आणि वरच्या थरांतील गोळ्या वेगवेगळ्या काढून त्यांची क्ष-किरण विवर्तन चाचणी आणि नायट्रोजन शोषणावरून पृष्ठभागाची मोजणी मूळ नमुन्याशी ताडून करा. विवर्तनात स्फटिकाच्या रेषा तशाच असूनही पृष्ठभाग घटलेला आढळला, तर जाळी शाबूत आहे आणि छिद्रे कशाने तरी बुजली आहेत, बहुधा गंधकाने किंवा कॉम्प्रेसरच्या तेलाने. रेषाच पुसट झाल्या असतील तर जाळी मोडली आहे. पहिल्या स्थितीत दोष संयंत्राच्या आधीच्या भागाचा, दुसऱ्या स्थितीत पदार्थाचा. अशा मोजण्या विद्यापीठांच्या उपकरण केंद्रांत शुल्क भरून करून मिळतात. शिवाजी विद्यापीठात प्रथम चौकशी करावी, म्हणजे नमुने लांब पाठवावे लागणार नाहीत.

दुसरी सूचना करारासंबंधी. वापरून संपलेला माल परत नेण्याची जबाबदारी पुरवठादाराची राहील असे कलम घालून घ्या, आणि त्यात कोणता धातू आहे हे लेखी मागा. झिंक किंवा ॲल्युमिनियम असल्यास प्रश्न आवाक्यातला आहे. क्रोमियमवर आधारलेले मॉफही प्रयोगशाळांत क्षमतेसाठी नावाजलेले आहेत, पण पंचगंगेच्या खोऱ्यात टनावारी क्रोमियम आणून ठेवण्याची शिफारस मी करणार नाही.

वारणाकाठ

दोन्ही सूचना मसुद्यात घेतल्या आहेत. ॲल्युमिनाच्या आधीची जोडणी आराखड्यात आत्ताच दाखवून घेतो, कारण पाइपिंग झाल्यावर ती काढणे कठीण जाईल. सोडलेल्या वायूसाठी दुसरा मिथेन-विश्लेषक लागेल, त्याचे दरपत्रक मागवले आहे.

गोकुळ शिरगाव

तो विश्लेषक घेताना त्याची मोजणीची पट्टी शून्य ते दहा टक्के अशी घ्या. शून्य ते शंभरची पट्टी असलेल्या उपकरणावर दोन आणि तीन टक्क्यांतील फरक नीट दिसत नाही, आणि आपला सगळा निर्णय त्याच फरकावर आहे.